डॉज सिटी, मुक्काम पोस्ट लॉस एंजेलिस

‘गनस्मोक’ मालिकेच्या सुरुवातीला मार्शल मॅट डिलन धुळीच्या रस्त्यात पाय रोवून उभा राहतो. समोर, बऱ्याच अंतरावर, एक माणूस. दोघांचे हात कमरेकडे जातात, बार होतो आणि पडद्यावर नाव येतं. मार्शल झालेला जेम्स आर्नेस सहा फूट सात इंच उंच, आणि अमेरिकेत एका पिढीला तो घरच्या माणसासारखा ओळखीचा. त्याच्या समोर उभा राहून वर्षानुवर्षं गोळी खाणारा माणूस कोण, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचं नाव आर्व्हो ओजाला. पिस्तुलाचा होल्स्टर बनवणं हा त्याचा धंदा. चामड्याच्या दोन थरांमध्ये धातूचा पत्रा घालून त्याने असा होल्स्टर तयार केला, की पिस्तूल आत असतानाच त्याचं चक्र मोकळं फिरावं आणि बाहेर येता येता घोडा ओढून झालेला असावा. पापणी लवायच्या आत पिस्तूल निघण्याचं जे दृश्य पाहून लाखो पोरांचे श्वास अडकले, त्यामागे हा पत्रा होता. ओजालाने त्याचं पेटंट घेतलं आणि कित्येक नटांना पिस्तूल काढायला शिकवलं. मालिका घडते ती कॅन्ससमधल्या डॉज सिटीत; १८७०च्या दशकातल्या त्या खऱ्या गावात असा होल्स्टर कुणाच्याही कमरेला नव्हता. त्या काळचे होल्स्टर कमरेशी उंच बांधलेले आणि खोल असत. पिस्तूल घोड्यावरून पडू नये, त्यावर धूळ बसू नये, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती.

या गोष्टींकडे माझं लक्ष गेलं ते चामड्यामुळे. माझं माहेर कोल्हापूरचं आणि आमचा धंदा खोगिरांचा. वडील, म्हणजे अण्णा, जीनगर होते. संस्थानं गेली, राजवाड्यांच्या पागा आटल्या, तेव्हा त्यांना काम दिलं ते सिनेमाने. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत ऐतिहासिक चित्रपट निघत, आणि ऐतिहासिक म्हटलं की घोडे आलेच. घोडे आले की तंग तुटणार, रिकिबी निसटणार, खोगिरं उसवणार. ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६४ साली पडद्यावर आला तेव्हा सगळं थिएटर शिवाजी महाराजांकडे पाहत होतं, अण्णा घोड्यांच्या पाठींकडे पाहत होते. मेण लावलेला दोरा, दोन सुया, आरी आणि रापी ही हत्यारं मी त्यांच्याजवळ बसून हाताळायला शिकले. १९७० साली लग्न करून लॉस एंजेलिसला आले. पुढे शहराच्या वायव्य टोकाला, चॅट्सवर्थमध्ये, एका खोगिरांच्या दुकानात दुरुस्तीच्या कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. जुन्या वेस्टर्न, म्हणजे गुराखी-मार्शलांच्या, मालिकांमधून दौडलेली खोगिरं माझ्या बाकावर आली. त्यांवर बसलेली माणसंही आली. या मालिकांची ओढ लागलेल्या लोकांमध्ये मी आयुष्याचा मोठा भाग काढला आहे, आणि ती ओढ मला मनापासून जवळची वाटते. म्हणूनच ती कशातून घडली, हे नीट सांगावंसं वाटतं.

सुरुवात मुलांपासून झाली. विल्यम बॉइड नावाचा नट १९३५ पासून हॉपलाँग कॅसिडीचे सिनेमे करत होता. क्लॅरन्स मलफर्ड या लेखकाच्या मूळ कथांमधला कॅसिडी दारू पिणारा, उद्धट, रांगडा गडी. बॉइडने त्याला धुऊन-पुसून स्वच्छ केलं: काळा पोशाख, पांढरा घोडा, मुखी शिवी नाही, हाती पेला नाही. सिनेमांची मागणी ओसरली तेव्हा त्याने जवळचं होतं नव्हतं ते पणाला लावून त्या साऱ्या चित्रपटांचे हक्क विकत घेतले. टेलिव्हिजनवर काय दाखवायचं याच्या शोधात केंद्रं होतीच. १९४९ साली हॉपलाँग एनबीसीवर आला आणि पुढच्याच वर्षी त्याचं चित्र लावलेले सहा लाख जेवणाचे डबे विकले गेले. शाळेतली पोरं डब्यावर नायकाचा चेहरा घेऊन फिरू लागली ती तेव्हापासून.

१९४९ सालीच ‘द लोन रेंजर’ एबीसीवर आला. तो मूळचा रेडिओचा. १९३३ साली डेट्रॉइटमधल्या केंद्रावर जन्मलेला. तोंडावर मुखवटा, बंदुकीत चांदीच्या गोळ्या, घोड्याचं नाव सिल्व्हर, मागे रोसिनीचं वेगवान संगीत. खाण्याच्या पाकिटांच्या कंपन्या त्याच्या पाठीशी होत्या. १९४७ साली पाकिटाचं झाकण आणि पंधरा सेंट पाठवले की लोन रेंजरच्या नावाची ‘अणुबॉम्ब अंगठी’ घरपोच मिळे. हिरोशिमाला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि गेल्या शतकातल्या घोडेस्वाराच्या नावाने अणुबॉम्बची अंगठी सहा वर्षांच्या मुलाच्या बोटात आली होती. हे नायक नेमके कुठल्या काळाचे, ते या अंगठीवरून कळतं.

१९५५ साली वेस्टर्न मोठ्यांची झाली. त्या सप्टेंबरात काही दिवसांच्या अंतराने ‘वायट अर्प’, ‘गनस्मोक’ आणि ‘शायान’ सुरू झाल्या. ‘गनस्मोक’च्या पहिल्या भागाआधी खुद्द जॉन वेनने पडद्यावर येऊन प्रेक्षकांना आर्नेसची ओळख करून दिली. मग लाट आली. १९५७ मध्ये ‘मॅव्हरिक’, ‘वॅगन ट्रेन’, आणि ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’. १९५८ मध्ये ‘द रायफलमॅन’ आणि स्टीव्ह मॅकक्वीनची ‘वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह’. १९५९ मध्ये ‘रॉहाइड’ आणि ‘बोनान्झा’. १९५८-५९च्या हंगामात सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या दहा कार्यक्रमांपैकी सात वेस्टर्न होते. १९५० साली अमेरिकेत जेमतेम नऊ टक्के घरांत टेलिव्हिजन होता; १९६० साली तो सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचला. म्हणजे देशाने टेलिव्हिजन पाहायला सुरुवात केली, ती घोड्यांच्या टापा ऐकतच.

या टापा वाजत होत्या कुठे? कॅन्ससमध्ये नाही, टेक्सासमध्येही फारशा नाहीत. आमच्या दुकानापासून मोटारीने काही मिनिटांवर सांता सुझाना खिंडीत आयव्हर्सन कुटुंबाचा मळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ही जमीन घेतली. तिच्यात पीक कमी आणि खडक फार. तांबूस वाळूच्या दगडांचे प्रचंड गोलसर ढीग. हॉलिवूड तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे या नापीक दगडांनाच भाव आला. लोन रेंजरच्या सुरुवातीला सिल्व्हर ज्याच्या शेजारी मागच्या दोन पायांवर उभा राहतो, तो खडक याच खिंडीतला आहे आणि आजही जागेवर आहे. उत्तरेला न्यूहॉलजवळ, प्लासेरिता दरीत, गायक-नट जीन ऑट्रीचा मेलडी रँच. तिथल्या लाकडी रस्त्यावर अनेक मालिकांची गावं वसली, त्यांत मॅट डिलनची डॉज सिटीही होती. अर्ध्या तासाचा भाग दोन-तीन दिवसांत उरकायचा असे. तोच रस्ता सकाळी एका मालिकेचं गाव आणि दुपारी दुसऱ्या मालिकेचं. पाटी बदलली की गाव बदललं.

आयव्हर्सन मळ्याच्या त्या खिंडीत एक खरी वाटही आहे. १८६०च्या दशकात लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोमधल्या घोडागाड्या सांता सुझाना खिंडीतून जात. एक उतार एवढा तीव्र होता, की त्याला ‘सैतानाची घसरण’ असं नाव पडलं. खडकात कोरलेला तो मार्ग अजून चालून पाहता येतो. १८७६ साली रेल्वे आली आणि त्याची रया गेली. त्याच्याही आधी हा सारा मुलूख तोंगवा, चुमाश आणि तातावियाम लोकांचा होता. सिनेमाच्या खोट्या घोडागाड्या खऱ्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर धावल्या, आणि पाहणाऱ्याला तो सारा प्रदेश ॲरिझोना किंवा टेक्सास वाटत राहिला.

दुसरी महत्त्वाची गोष्ट फिल्मची. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून होणारी नाटकं, गप्पा, विनोद हे सगळं बहुतेक थेट प्रक्षेपित होई आणि त्यातलं बरंचसं कायमचं गेलं. घोडे, डोंगर आणि पाठलाग स्टुडिओत मावत नाहीत. त्यामुळे वेस्टर्न मालिका सिनेमासारख्या फिल्मवर चित्रित झाल्या. फिल्म उरली, म्हणून ती पुन्हा पुन्हा दाखवता आली. ‘गनस्मोक’ १९६१ साली एका तासाची झाल्यावर आधीचे अर्ध्या तासाचे भाग ‘मार्शल डिलन’ या नावाने फिरून दाखवले गेले. मूळ प्रक्षेपणाच्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशी माणसं दुकानात येऊन मला आपल्या लहानपणचा लोन रेंजर सांगत, ती या फिल्मच्या रिळांमुळे. हे नायक तीन पिढ्यांच्या बालपणात शिरले.

खोगीर माणसापेक्षा जास्त खरं बोलतं, असं अण्णा म्हणत. माझ्या बाकावर आलेलं पहिलं वेस्टर्न खोगीर उलटं केलं, तेव्हा त्यांची आठवण झाली. आमच्याकडच्या खोगिराला पुढे खुंट नसतो. या खोगिराला असतो, चांगला जाड, लाकडी सांगाड्यात रुतवलेला. वळू फासात आला की दोराचा वेढा त्या खुंटाला घालायचा आणि सगळा हिसका घोड्याच्या अंगावर घ्यायचा. ही युक्ती मेक्सिकोच्या गुराख्यांची. फास, रुंद रिकीब, पायांवरचं चामड्याचं आवरण, गुरं हाकण्याची सगळी पद्धत त्यांच्याकडूनच टेक्सास आणि कॅलिफोर्नियात आली. गृहयुद्धानंतर टेक्सासमधून उत्तरेकडे कळप नेणाऱ्या गुराख्यांमध्ये मेक्सिकन खूप होते. काळे गुराखीही मोठ्या संख्येने होते; अनेक इतिहासकार त्यांचं प्रमाण चारात एक इतकं धरतात. बास रीव्ह्ज गुलामीत जन्मला आणि पुढे आर्कान्सासजवळच्या इंडियन टेरिटरीत डेप्युटी मार्शल म्हणून त्याने दशकानुदशकं काम केलं. पडद्यावर या माणसांना जागा नव्हती. काळा नट वेस्टर्न मालिकेत नियमित पात्र म्हणून दिसायला १९६५ साल उजाडावं लागलं, ‘रॉहाइड’च्या शेवटच्या हंगामात, रेमंड सेंट जॅक्सच्या रूपाने.

लोन रेंजरच्या मूलनिवासी सोबत्याचं, टोंटोचं, काम करणारा जे सिल्व्हरहील्स मोहॉक होता. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या सिक्स नेशन्स वसाहतीत वाढलेला, लॅक्रॉस या खेळातला नावाजलेला खेळाडू. लोन रेंजरच्या बरोबरीने त्याने घोडा दौडवला, त्याच्याइतकाच जीव धोक्यात घातला, पण तोंडी मोडकीतोडकी वाक्यं देण्यात आली. तरी त्याने त्या भूमिकेत मान खाली जाऊ दिली नाही. त्याची बैठक पाहा: पाठ ताठ, लगाम सैल, घोड्याशी भांडण नाही. पुढे १९६६ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याने मूलनिवासी नटांसाठी कार्यशाळा उभारायला मदत केली. उतारवयात तो घोडागाडीच्या शर्यतींतही उतरला. १९७९ साली हॉलिवूडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसला आणि पुढच्या वर्षी तो गेला. वेस्टर्नच्या लाटेच्या काळात ‘ब्रोकन ॲरो’मध्ये अपाची नेता कोचीझ झाला होता मायकेल अन्सारा, जन्म सीरियातला. ‘बोनान्झा’तल्या कार्टराइट घराचा स्वयंपाकी हॉप सिंग रंगवणारा व्हिक्टर सेन युंग खराखुरा पाककुशल होता, चिनी स्वयंपाकाचं पुस्तकही त्याने लिहिलं. मी या देशात परकी म्हणून आले होते. म्हणून असेल, माझी नजर नेहमी चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या या माणसांवर जाई.

आता डॉज सिटीबद्दल. गुरांचं गाव म्हणून तिचा खरा बहर १८७६ ते १८८५, म्हणजे सुमारे दहा वर्षांचा. इतिहासकार रॉबर्ट डिक्स्ट्रा यांनी कॅन्ससमधल्या अशा पाच गावांची जुनी वर्तमानपत्रं चाळून १८७० ते १८८५ या काळातले खून मोजले. पाचही गावं मिळून आकडा भरला पंचेचाळीस. गावात शिरताना हत्यारं जमा करायची, असे नियम तेव्हा होते. ‘गनस्मोक’ वीस वर्षं चालली, ६३५ भाग. खरी डॉज सिटी गुरांनी जितकी वर्षं गजबजली, त्याच्या दुप्पट काळ मॅट डिलन तिची राखण करत राहिला. आणि तिथल्या रस्त्यावर खऱ्या गावाच्या कितीतरी पट माणसं मेली.

हे सगळं माहीत असूनही मला ही मालिका थोर वाटते. नॉर्मन मॅकडोनेल आणि जॉन मेस्टन यांनी ती आधी १९५२ साली रेडिओसाठी उभी केली. मेस्टनच्या गोष्टींत मार्शल नेहमी जिंकत नाही. कित्येकदा तो उशिरा पोचतो. गोळी सुटल्यावर गोष्ट संपत नाही; मेलेल्याला पुरायचं असतं, त्याच्या बायकोला काय सांगायचं ते ठरवायचं असतं, जखमी माणसाला डॉक्टरकडे न्यायचं असतं. मिल्बर्न स्टोनचा चिडका, मायाळू डॉक्टर, अमांडा ब्लेकची मिस किटी, लंगडत कॉफी घेऊन येणारा डेनिस वीव्हरचा चेस्टर ही माणसं गोळीनंतरच्या कामासाठी असतात. खुद्द आर्नेसच्या पायात दुसऱ्या महायुद्धातली जखम होती. १९४४ साली इटलीत अँझिओला तो गोळ्यांनी जायबंदी झाला आणि घोड्यावर चढताना ते दुखणं त्याला आयुष्यभर छळत राहिलं. हिंसा म्हणजे काय हे प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा चेहरा मॅट डिलनला मिळाला होता. ज्या घरांत तो दिसे, त्यांतल्या कित्येक घरांचे कर्ते पुरुषही युद्धावरून परतलेले होते. रात्री साडेनऊ-दहाला त्यांच्यासमोर असा एक माणूस येई, ज्याच्याजवळ बंदूक आहे, जी चालवणं त्याला आवडत नाही आणि जी चालवल्यावर तो तिथून निघून जात नाही.

‘रायफलमॅन’चं बळही असंच. चक कॉनर्स आधी बेसबॉल आणि बास्केटबॉल या दोन्ही खेळांत व्यावसायिक पातळीवर खेळलेला, अंगापिंडाने दांडगा. हातातली रायफल १८९२च्या नमुन्याची, आणि गोष्टी मात्र १८८०च्या दशकातल्या. पण मालिका पाहणाऱ्याला आठवतो तो विधुर बाप आणि त्याचा मुलगा मार्क. एकट्या बापाने मूल वाढवणं टेलिव्हिजनवर तोवर क्वचितच दिसलं होतं. ही मालिका सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनाही आवडे. १९७३ साली ते निक्सन यांच्या कॅलिफोर्नियातल्या घरी आले, तेव्हा कॉनर्सला भेटून त्यांनी त्याला मिठी मारली. शीतयुद्धातल्या दोन बाजूंना एकच नायक पुरला होता.

माझी स्वतःची आठवण ‘बोनान्झा’ची. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली, त्यामुळे टेलिव्हिजन मी पाहिला तो थेट इथेच. व्हॅन नाइजमध्ये आम्ही भाड्याने राहत होतो. घरमालकीणबाई विधवा होत्या, तिशीच्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमातून उठवलेल्या कुटुंबातल्या. रविवारी रात्री नऊला त्या मला हाक मारत. नकाशा जळायला लागे, घोडेस्वार त्यातून बाहेर येत, आणि सगळं रंगीत. ‘बोनान्झा’ १९५९ साली पहिल्या भागापासून रंगीत होती, कारण एनबीसीची मालक आरसीए कंपनी रंगीत संच विकत होती, आणि टाहो तळ्याचं निळं पाणी व पाइनची हिरवी झाडं ही त्या संचांची सर्वांत चांगली जाहिरात होती. हे मला पुढे कळलं. तेव्हा कळत होतं ते बेन कार्टराइट या बापाचं वागणं. बाई एकदा म्हणाल्या, “हा माणूस पोरांवर ओरडतो, पण आधी त्यांचं ऐकून घेतो.” मला इंग्रजी बोलणं पुरतं उमगत नव्हतं, तरी ते वाक्य समजलं. १९७२च्या मे महिन्यात कार्टराइट भावांमधला मधला हॉस, म्हणजे डॅन ब्लॉकर, अचानक वारला. बाईंनी त्या दिवशी घरातलं माणूस गेल्यासारखं स्वयंपाकघर बंद ठेवलं. मालिका पुढच्या जानेवारीत संपली.

ओहोटी त्याआधीच लागली होती. १९६१ साली अमेरिकेच्या केंद्रीय संपर्क आयोगाचे प्रमुख न्यूटन मिनो यांनी टेलिव्हिजनला विराण प्रदेश म्हटलं, तेव्हा त्यांच्या तक्रारींच्या यादीत वेस्टर्नचे बरे-वाईट बंदूकबाजही होते. ‘गनस्मोक’ १९६७ साली बंद होणार होती. सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांनी निर्णय फिरवला, तिला सोमवारची वेळ मिळाली, आणि ती पुन्हा पहिल्या दहांत गेली. पण १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, व्हिएतनाममधले मृतदेह रोजच्या बातम्यांत दिसू लागले, आणि संध्याकाळच्या गोळीबाराची चव गेली. जाहिरातदारांना शहरातले तरुण प्रेक्षक हवे होते. वेस्टर्नचे प्रेक्षक म्हातारे आणि गावाकडचे. १९७५ साली ‘गनस्मोक’ थांबली. या परंपरेतली एक वाट मात्र भलतीकडे गेली होती. ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’चे चोवीस भाग लिहिणाऱ्या जीन रॉडनबेरीने ‘वॅगन ट्रेन’चा तांडा ताऱ्यांमध्ये नेण्याची कल्पना मांडली, ती ‘स्टार ट्रेक’. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांपर्यंत वेस्टर्नचा हा तांडा अवकाशयानातून पोचला.

जागाही गेल्या. मेलडी रँचवर ऑट्रीला वेस्टर्नचं संग्रहालय करायचं होतं; १९६२च्या ऑगस्टमध्ये वणव्याने तो रस्ता आणि संग्रह दोन्ही खाल्ले. कोल्हापूरची मला लगेच आठवण येते. जयप्रभाही गांधीहत्येनंतरच्या १९४८च्या जाळपोळीत भस्म झाला होता आणि भालजींनी तो पुन्हा उभारला. ऑट्रीनेही धीर सोडला नाही. १९८८ साली ग्रिफिथ पार्कमध्ये त्याचं संग्रहालय उघडलं. आयव्हर्सन मळ्याच्या मधून साठीच्या दशकात महामार्ग काढला गेला. मोटारींच्या घरघरीत संवाद टिपता येईनात. त्या महामार्गाला पुढे रोनाल्ड रेगन यांचं नाव मिळालं. गव्हर्नर होण्याआधी ते ‘डेथ व्हॅली डेज’ या वेस्टर्न मालिकेचं निवेदन करत. खडकांच्या बऱ्याच भागावर आता घरं आहेत.

नायकांचं काय झालं? लोन रेंजर झालेला क्लेटन मूर मालिका संपल्यावरही मुखवटा लावून इस्पितळांत, जत्रांत मुलांना भेटत राहिला. १९७९ साली हक्क असलेल्या कंपनीने कोर्टातून त्याचा मुखवटा उतरवला, कारण त्यांना नवा सिनेमा काढायचा होता. मूरने मोठा काळा चष्मा लावला आणि तो फिरत राहिला. काही वर्षांनी मुखवटा त्याला परत मिळाला. वेस्टर्नचा आणखी एक गायक-नट रॉय रॉजर्स, त्याचा घोडा ट्रिगर १९६५ साली मेला. रॉजर्सने त्याचं कातडं भरून तो उभा केला आणि आपल्या संग्रहालयात ठेवला. संग्रहालय २००९च्या अखेरीस बंद पडलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या लिलावात ट्रिगर २,६६,५०० डॉलरला विकला गेला. त्या दिवशी आमच्या दुकानात काम कमी आणि बोलणं जास्त झालं. एक म्हातारा गृहस्थ, आयुष्यभर चित्रीकरणाचे घोडे सांभाळलेला, म्हणाला, “त्याला शिकवणाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही.” ते नाव ग्लेन रँडल. मी ते तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

दुकानात येणाऱ्यांत नेहमी एक प्रकार असे: सत्तरीच्या घरातला माणूस, हातात जुन्या कागदात गुंडाळलेला लहान मुलाच्या मापाचा कमरपट्टा. त्यावर हॉपलाँगचं किंवा लोन रेंजरचं चित्र. चामडं सुकलेलं, टाके गेलेले. नातवाला द्यायचा असे, नाहीतर स्वतःजवळ ठेवायचा. मी त्यांच्याशी बोलत बोलत टाके घाली. त्यांच्या बोलण्यात बंदूक लवकर संपे आणि वडील सुरू होत. बाबा कामावरून आले की त्या खुर्चीत बसत. एरवी बोलत नसत. मार्शलने काय करायला हवं होतं यावर मात्र बोलत. तो काळ चांगला होता, असं ते शेवटी म्हणत. मी मान हलवी, पण मनात दुसरंच असे.

माझं म्हणणं असं. लोक ज्या माणसाची वाट पाहतात, तो १८७०च्या दशकात हरवलेला नाही. तो तिथे नव्हताच. त्याला १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कडेला, नापीक खडकांत आणि लाकडी रस्त्यांवर, माणसांनी हातांनी घडवलं. मेस्टनने त्याला उशिरा पोचण्याचं दुःख दिलं, आर्नेसने जखमी पाय दिला, ओजालाने होल्स्टर दिला, सिल्व्हरहील्सने शेजारी ताठ बसून त्याला मोठं केलं, एडवर्ड बोहलिन या स्वीडनहून आलेल्या कारागिराने नायकांची चांदी मढवलेली खोगिरं केली, रँडलने घोडे शिकवले. त्यांनी त्यात चुकाही विणल्या: काळ्या गुराख्याला गाळलं, मेक्सिकोचं ऋण लपवलं, मूलनिवासी माणसाची भाषा मोडली. खोगीर दुरुस्त करताना कुजलेला टाका झाकत नाहीत. तो उसवून टाकतात आणि चांगल्या चामड्याला नवा दोरा घालतात. या आठवणींचंही तेच करायला हवं. गाळलेली माणसं नावानिशी परत आणायला हवीत, कारागिरांची नावं नायकांच्या नावांशेजारी लिहायला हवीत, आणि मग निर्धास्तपणे त्या मालिकांवर प्रेम करायला हवं.

हरवलेला काळ परत येत नाही, म्हणून त्याची ओढ माणसाला हळवं आणि हतबल करते. घडवलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी आहे. ऐकून घेणारा बाप, गोळीनंतर थांबणारा माणूस, अनोळखी माणसासाठी वाट वाकडी करणारा स्वार हे सगळे गुण कुणीतरी ठरवून, कष्टाने, अर्ध्या तासाच्या गोष्टीत बसवले होते. ते बसवणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच पोटासाठी राबणारी होती. त्यांना जमलं, तर आपल्यालाही जमेल. आज मुलांसमोर कोणता माणूस उभा करायचा, याची जबाबदारी त्यांच्याइतकीच आपली आहे.